सेप्सिस, पांढऱ्या पेशी आणि तुमचं दहा मिली रक्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांना मी त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट वेळी भेटते. आत त्यांचं माणूस व्हेंटिलेटरवर असतं आणि मी संशोधनासाठी रक्त मागणारं संमतीपत्र घेऊन समोर उभी. तेव्हा प्रश्न सुचत नाहीत, सुचले तरी विचारवत नाहीत. ते नंतर येतात. फोनवर येतात, इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या गणपतीत आरती संपल्यावर येतात, मराठी नाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत येतात. आमची माहितीपत्रकं हिंदी आणि इंग्रजीत असतात. लोकमान्यनगरच्या एका आजींनी हिंदी कागद मला परत दिला आणि म्हणाल्या, "मराठीत आण, वाचते, मगच सही." त्यांच्यासाठी केलेल्या त्या कागदाचंच पुढे हे पान झालं.

तुम्ही डॉक्टर की शास्त्रज्ञ?

एमबीबीएस, मग सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी. म्हणजे डॉक्टरच, पण तुमच्या रुग्णाचं औषध मी ठरवत नाही. गंभीर जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराची स्वतःची फौज काय करते, एवढंच मी बघते. एकाच वॉर्डात, एकाच जंतूमुळे, साधारण एकाच वयाची दोन माणसं दाखल होतात. एक आठव्या दिवशी पोहे मागतो, वर जिरावण कमी पडलं म्हणून कुरकुरतो. दुसरा जातो. जंतू तोच, अँटिबायोटिक तेच. मग फरक पडला कुठे? तो शोधण्याचाच मला पगार मिळतो.

'सेप्टिक झालं' म्हणजे रक्तात विष पसरलं, असंच ना?

डॉक्टर मंडळीही कितीतरी वर्षं असंच समजत होती. १८९२ मध्ये जर्मनीत रिचर्ड फायफर यांच्या लक्षात आलं, की कॉलऱ्याचे मेलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरतात. म्हणजे विष जंतूच्या अंगातच असणार. त्याला त्यांनी एंडोटॉक्सिन म्हटलं, आणि ते नाव आजही चालतं.

पण हे 'विष' आम्लासारखं स्वतः काही जाळत सुटत नाही. आपल्या पेशींवर ते ओळखणारी एक घंटा असते. ती वाजली की पुढचं सगळं आपलं शरीर स्वतःच्या हाताने करतं. या घंटेचं नाव टीएलआर-४. फळमाशीत तिची बहीण काय काम करते, हे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरात ही घंटाच पकडली. २०११ च्या नोबेलमध्ये या दोघांचाही वाटा होता.

वैद्यकाने व्याख्या बदलली ती २०१६ मध्ये. संसर्गाला शरीर जे उत्तर देतं त्याचा ताळतंत्र सुटतो, त्यापायी आपलेच अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणायचं. मराठीत यासाठी शब्द आधीपासून तयार आहेत: कुंपणानेच शेत खाल्लं.

इंदूरच्या माणसाला मी गेरचा, म्हणजे इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, दाखला देते. रंगपंचमीला राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. समजा, त्या गर्दीतून एक खिसेकापू शेजारच्या बोळात शिरला आणि त्याला धरायला सगळ्या शहराचे पोलीस गाड्यांसकट त्याच बोळात घुसले. खिसेकापू राहिला बाजूला, चेंगराचेंगरी होणार आणि अ‍ॅम्ब्युलन्सलाही वाट उरणार नाही. रक्तवाहिन्यांत साधारण हेच घडतं. त्यांच्या भिंती झिरपू लागतात, पाणी आजूबाजूला मुरतं आणि बीपी पडतं. केसाहून बारीक वाहिन्यांत गुठळ्या अडकतात. मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही म्हणून लघवी कमी होते, मेंदूला पुरत नाही म्हणून माणूस बरळायला लागतो. नातेवाईक म्हणतात, "काल तर नीट बोलत होते हो."

रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी अठरा हजार आल्यात. वाढल्या म्हणजे चांगलंच ना?

वाढल्या म्हणजे कुठेतरी लढाई चालू आहे, इतकंच. साधारण चार ते अकरा हजार हा नेहमीचा आकडा. अठरा हजारांपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती दोन हजारांची. गंभीर संसर्गात पेशी अचानक कमी झाल्या, याचा अर्थ भरती होते आहे त्याहून जास्त सैनिक पडताहेत.

यात सगळ्यात मोठी जमात न्यूट्रोफिलची. आपल्या हाडांतला मगज रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो आणि त्यांचं आयुष्य तासांत, फार तर दिवसांत मोजायचं. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः यांचीच मढी. मागणी फारच वाढली की मगज कच्च्या, अर्धवट पेशीही रक्तात ढकलतो. रिपोर्टमध्ये 'बँड' असा शब्द दिसला तर तो या पोरसवदा भरतीचा समजा.

पेशी जंतूला गिळते, हे १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी मेसिना इथे ताडलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे खुपसून त्यांनी रात्र काढली, आणि सकाळी काट्यांभोवती पेशींचा घोळका जमलेला पाहिला. न्यूट्रोफिलचा एक भलताच प्रताप मात्र २००४ मध्ये समजला. प्रसंगी ती स्वतःला फोडून घेते आणि आपलाच डीएनए जाळ्यासारखा फेकते. जंतू त्यात अडकतात. दुर्दैवाने रक्तही अडकतं. मला विचाराल तर सेप्सिसची सगळी गोष्ट त्या एका जाळ्यात आहे.

असे रुग्ण किती असतात?

२०१७ या एका वर्षासाठी जगभराचा अंदाज आहे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू. म्हणजे पाचातला एक मृत्यू. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बऱ्याचदा न्यूमोनिया, किडनी फेल, हार्ट फेल असं काहीतरी लिहिलं जातं, म्हणून हे नाव कानावर कमी येतं.

साधा ताप आणि हे, फरक कसा ओळखायचा? कधी पळायचं?

हे नीट वाचा. बाकीचं पान सोडलंत तरी चालेल.

तापाचा आकडा बघत बसू नका. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही सेप्सिस होतो, कधी कधी अंग उलट गार पडतं. बघायचं ते वेगळंच. माणूस असंबद्ध बोलतोय का, नको इतका झोपाळला आहे का? पडल्या पडल्या धाप लागते आहे का? मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास म्हणजे काळजी. घड्याळ लावा आणि पोटाचं वर-खाली होणं मोजा. दिवसभरात लघवी झाली का? हातपाय गार पडून कातडीवर जांभळट जाळी दिसते आहे का? लघवीचा त्रास, खोकला, पायाची जखम, डेंग्यूचा किंवा साधा पावसाळी ताप, निमित्त काहीही असो, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. बीपी पडलेल्या रुग्णाला अँटिबायोटिक पहिल्या तासात मिळावं, असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. त्या तासातला मोठा वाटा घरातल्या "काय करायचं?" यातच निघून जातो.

आणखी एक, पावसाळ्यानंतरच्या तापाबद्दल. शेतात, गवतात जाणं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली आहे का ते बघा. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. डॉक्सिसायक्लिन नावाच्या स्वस्त गोळीने तो बरा होतो, पण त्यासाठी तो आधी कुणाच्या तरी डोक्यात यायला हवा.

डॉक्टर बोट दाबून घड्याळ का बघत होते?

तुमच्या रुग्णाच्या उजव्या तर्जनीचं टोक दहा सेकंद काचेच्या पट्टीने दाबलं, सोडलं, आणि पांढरी पडलेली कातडी किती वेळात पुन्हा गुलाबी होते ते पाहिलं. तीन सेकंदांहून जास्त लागले तर शेवटच्या वाहिन्यांपर्यंत रक्त नीट पोचत नाही. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, या बिनपैशाच्या युक्तीवर उपचार बेतलेले रुग्ण लॅक्टेटच्या रक्ततपासणीवर बेतलेल्या रुग्णांपेक्षा मागे पडले नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या यंत्रांच्या किमती ऐकल्यावर तर जास्तच.

इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं?

हा प्रश्न मला दिवसातून दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरतं. काकू, राग मानू नका. वाढवायची असं म्हणता, पण कोणती? घंटा वाजवणारी, जंतू गिळणारी, आठवण ठेवणारी, की आग विझवणारी? शरीरात आग विझवणाऱ्या पेशीही असतात, आणि त्या आहेत म्हणून आपण जिवंत आहोत. संधिवात, सोरायसिस, पहिल्या प्रकारचा मधुमेह हे आजार इम्युनिटी कमी पडल्याने होत नाहीत. ती नको तिथे गेल्यामुळे होतात. ही काही टाकी नाही, पातळी वाढली की झालं. हा तबलजी आहे, त्याचा ठेका चुकू नये. जोर वाढवून काय करणार?

हळदीचं दूध प्या, चांगलं लागतं. काढाही कधीमधी घ्या. पण गुळवेल रोज महिनोन् महिने घेताना थोडा विचार करा. कोविडच्या काळात ती घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. माझा कल त्या डॉक्टरांकडे आहे. आणि व्हिटॅमिन सी? सेप्सिसच्या आठशेहून अधिक रुग्णांना ते शिरेतून देऊन पाहिलेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ते मिळालेल्यांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. लिंबू सरबताला यातून काही दोष लागत नाही.

मी स्वतः काय करते? पासष्टीच्या पुढच्या आईला न्यूमोनियाची आणि दरवर्षी फ्लूची लस देते, वडिलांची शुगर सांभाळते आणि झोप काढते. लस म्हणजे फौजेला चोराचा फोटो आधी दाखवणं. मोजून-मापून सिद्ध झालेला 'इम्युनिटी बूस्टर' तेवढाच.

कोविडमध्ये स्टेरॉइडने माणसं वाचली म्हणतात, आणि स्टेरॉइडनेच काळी बुरशी झाली म्हणतात. खरं काय?

दोन्ही खरं आहे, आणि आमचं सगळं शास्त्र त्या 'दोन्ही'त आहे.

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. काही रुपयांचं जुनं औषध. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही, झालाच तर तोटा होण्याकडे झुकाव दिसला. औषध तेच, माणूस कोणत्या वळणावर उभा आहे त्यावर अमृत की विष ते ठरलं. सुरुवातीच्या दिवसांत विषाणूशी लढायला फौज हवी असते. नंतर फौजच घर पाडू लागली की तिला आवरावं लागतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या काकांना कोविड झाला. घरीच होते, ऑक्सिजन ९७. घराजवळच्या एका डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं, तेही भरपूर, आणि काकांना मधुमेह आहे हे विचारलंही नाही. मी त्या आठवड्यात पीपीई किटमध्ये होते, फोन घेतला नाही. शुगर साडेचारशेवर गेली. तीन आठवड्यांनी म्हणाले, "गालाला मुंग्या आल्यासारखं होतंय गं." मी फोनवरच खाली बसले. काका वाचले, उजवा डोळा गेला. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या कुप्यांसाठी माझा भाऊ चार दिवस गावभर फिरत होता. काका आजही विचारतात, "तुला हेच येतं ना? मग?" त्यावर मला उत्तर सुचत नाही, म्हणून मी चहा टाकते.

जाता जाता: 'सायटोकाइन स्टॉर्म', म्हणजे पेशींच्या रासायनिक निरोपांचं वादळ, हा शब्द तेव्हा टीव्हीवर फार गाजला. कोविडमध्ये मोजलेलं इंटरल्युकिन-६ (त्यातलाच एक निरोप) जीवाणूंच्या सेप्सिसमध्ये सापडतं त्याच्या मानाने बरंच कमी होतं. वादळ हा शब्दच दिशाभूल करतो. वादळ येतं आणि जातं. इथे आग आणि राख एकाच वेळी असतात.

मग ही बिथरलेली फौज थांबवणारं एखादं औषध का नाही काढत?

काढली, खूप काढली. एंडोटॉक्सिनला धरून ठेवणारी काढली, टीएनएफ हा आग भडकवणारा निरोप अडवणारी काढली, टीएलआर-४ची घंटा बांधून ठेवणारीही काढली. उंदीर वाचले, माणसं नाही. एका औषधाला अमेरिकेत २००१ मध्ये परवानगीसुद्धा मिळाली, माणसाच्या रक्तातल्या प्रोटीन-सी या प्रथिनाची प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल, नाव झिग्रिस. दहा वर्षं लोकांनी ते महागामोलाने दिलं. नव्या चाचणीत फायदाच दिसेना, तेव्हा २०११ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं.

का हरलो, याचा धडा ब्यूटलर यांच्या त्या उंदरांतच होता. त्या जातीच्या उंदरांत घंटा जन्मतःच बिघडलेली. एंडोटॉक्सिन कितीही टोचा, ढिम्म. पण त्यांनाच खरे जिवंत साल्मोनेला दिले की ते इतरांच्या आधी मरतात. घंटा काढून टाकली की गोंगाट थांबतो, चोर मात्र घरभर फिरतो.

शिवाय माणसात एक दुसरा टप्पा असतो, तो फार उशिरा ध्यानात आला. पहिल्या दिवसांच्या धुमश्चक्रीतून रुग्ण वाचतो, घरचे पेढे आणायची भाषा करतात, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी दुसराच संसर्ग त्याला गाठतो. एखादा अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू, एखादी बुरशी, कधी अंगात लहानपणापासून झोपलेला हर्पीसचा विषाणू. फौज थकून बधिर झालेली असते. ही बधिरता मोजायची एक खूण म्हणजे मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरचं एचएलए-डीआर. जंतूचा तुकडा बाकीच्यांना दाखवायचा तो पाट समजा. निरोगी माणसात हे पाट भरपूर असतात, या रुग्णांत गळून गेलेले. अशा रुग्णाला फौज आवरणारं औषध देणं म्हणजे पडलेल्याला पाडणं. त्याला खरं तर डिवचणारं औषध हवं, आणि इंटरफेरॉन-गॅमासारखी औषधं त्यासाठी तपासली जात आहेत.

म्हणून 'सेप्सिसवर औषध' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. या माणसाला, आज, कोणत्या बाजूचं औषध? मी पुन्हा पुन्हा रक्त मागते ते एवढ्यासाठी. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी.

त्या रक्ताचं तुम्ही करता काय?

एका वेळी दहा मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे. जांभळ्या झाकणाची नळी. न्यूट्रोफिल थांबत नाहीत, काही तासांत काम उरकावं लागतं. म्हणून रात्री दोनला नमुना आला की रात्री दोनलाच.

नळीच्या तळाशी फायकोल नावाचं दाट, पाण्यासारखं दिसणारं द्रव असतं. त्यावर रक्त सोडायचं, पण मिसळू द्यायचं नाही. नळी तिरकी धरून, पिपेटचं टोक काचेला टेकवून, थेंब भिंतीवरून सरकवत न्यायचा. साखरेच्या पाकाच्या वाटीत तळ न हलवता दूध ओतून पाहा, म्हणजे हात कसा लागतो ते कळेल. मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास फिरवायची. बाहेर काढली की तळाला लाल साका, वर पिवळा प्लाझ्मा, आणि मधोमध धुरकट पांढरं कडं. गावातल्या घराच्या काचेवर हिवाळ्यात श्वास टाकल्यावर उमटतं तसं. त्या कड्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी असतात. तेवढंच उचलायचं.

यंत्र थांबताना त्याचा ब्रेक बंद ठेवावा लागतो, नाहीतर कडं विस्कटतं. पहिल्या वर्षी मी ब्रेक चालू ठेवला. एका बाईंच्या तिसऱ्या दिवसाचा नमुना गुलाबी पाणी होऊन बाहेर आला. तिसरा दिवस पुन्हा येत नाही. तेव्हापासून यंत्रावर लाल चिकटपट्टी आहे: ब्रेक बघ.

पुढे पेशींना चमकणाऱ्या रंगांच्या प्रतिपिंडांनी खुणा करायच्या आणि लेझरसमोरून एकेक करून पळवायच्या. कोणत्या पेशीवर किती पाट उरलेत ते पडद्यावर ठिपक्यांनी दिसतं. प्लाझ्मा उणे ८० अंशांना, जिवंत ठेवायच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

उंदरांवर प्रयोग करता का? आणि भिया, इंदूर इतकं स्वच्छ झालंय की इम्युनिटी कमी होईल का?

मी उंदरांवर काम करत नाही. दोन्ही प्रश्न मात्र एकमेकांच्या शेजारी राहतात. प्रयोगशाळेतला उंदीर इतका निर्मळ वाढतो, की त्याची फौज नवजात बाळासारखी असते. पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदरांची फौज मोठ्या माणसाच्या जवळ जाते, हे २०१६ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. उंदरांत यशस्वी झालेली औषधं आपल्याकडे का फसली, त्याचं एक कारण हे असावं.

आता शहर. २०१७ ते २०२३ स्वच्छ सर्वेक्षणात आपला नंबर पहिला होता, ठीक. पण कचरागाडी घाण उचलते, ती मातीतले, गाईगुरांतले, शेजारच्या पोरांच्या नाकातले जंतू उचलत नाही. लहानपणी जंतूंची ओळख झालेल्यांत अ‍ॅलर्जी कमी असते, ही कल्पना १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्राचन यांनी मांडली. ती अ‍ॅलर्जीबद्दल होती. सांडपाणी प्यायल्याने कुणी बळकट झाल्याचं ऐकिवात नाही. मुलाला मातीत खेळू द्या आणि जेवायच्या आधी हात धुवायला लावा.

आमच्यावर औषधाचा प्रयोग तर करत नाही ना?

हा प्रश्न इंदूरमध्ये विचारायलाच हवा. २०१० च्या सुमारास या शहरात औषधचाचण्यांवरून मोठा गदारोळ झाला. गरीब रुग्णांना न सांगता चाचणीत घेतल्याचे आरोप झाले. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर देशभराचे नियम कडक झाले, चाचणीत इजा झाल्यास भरपाई आणि संमतीचं चित्रीकरण हे विषय कायद्यात आले. आज २०१९ चे नियम लागू आहेत. आमच्याकडे काही लोक त्या काळाचा उल्लेख टाळतात. मी टाळत नाही. तुमची शंका त्या अनुभवातून आली आहे, आणि ती रास्त आहे.

आमचा अभ्यास निरीक्षणाचा आहे. कोणतंही औषध दिलं जात नाही, उपचारात काडीचा बदल होत नाही, नमुना नेहमीच्या तपासणीच्या वेळीच घेतला जातो. नैतिकता समितीची मंजुरी आहे. रुग्ण शुद्धीत नसेल तर जवळचा नातेवाईक संमती देतो. तो शुद्धीत आला की मी त्याला पुन्हा विचारते, आणि तो नाही म्हणाला तर संपलं. तुम्ही 'नाही' म्हणालात म्हणून आतल्या उपचारांत फरक पडत नाही. कुणी तसं सुचवलं तर मला सांगा.

कुणी कधी औषधाच्या चाचणीचं विचारलंच, तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही बघता येते.

पैसे मिळतात का? द्यावे लागतात का?

दोन्ही नाही.

रिपोर्ट आम्हाला मिळेल?

नाही, कारण तुमच्या डॉक्टरांना त्याचा आज उपयोग नाही. अर्धवट आकडा हाती देऊन तुमची झोप उडवणं मला बरोबर वाटत नाही. उपचाराला लागणारे रिपोर्ट, म्हणजे कल्चर (रक्तात जंतू उगवतात का ते बघणं) आणि सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन (शरीरातली आग मोजणाऱ्या तपासण्या), हे वॉर्डातून मिळतात. कल्चर 'निगेटिव्ह' आलं म्हणून संसर्ग नव्हता असं समजू नका. बऱ्याच सेप्सिसमध्ये रक्तात काही उगवत नाही, विशेषतः अँटिबायोटिक आधीच सुरू झालं असेल तर.

तान्ह्या बाळांनाही होतं का?

होतं, आणि लवकर हाताबाहेर जातं. बाळ दूध ओढेनासं झालं, लुळं पडलं, गार लागलं तर ते तापाइतकंच गंभीर आहे. यातली माझी आवडती बातमी ओडिशाची. तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक नवजातांना एका चांगल्या जंतूचं, लॅक्टोबॅसिलस प्लांटेरमचं, मिश्रण आठवडाभर तोंडाने दिलं आणि सेप्सिस व मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी घटले. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाचं हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण म्हणून दुकानातली कुठलीही प्रोबायोटिक पुडी बाळाला देऊ नका. तो विशिष्ट वाण होता, आणि बाळं निवडलेली, निरोगी होती.

मुलीला हे शिकायचंय. नीट द्यावीच लागेल का?

नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी बीएस्सी, एमएस्सी करून पीएचडीला आली आणि पेशींचं तिला माझ्याहून जास्त कळतं. इंदूरमध्येच देवी अहिल्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञान आहे, सिमरोलला आयआयटीत जैवविज्ञानाचा विभाग आहे. पुढे पुण्याचं एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था, दिल्लीचं राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थान. आकडेशास्त्राशी दोस्ती करायला सांगा. मी केली नाही, आता पस्तावते. आणि रात्री दोनला फोन येतो, हेही सांगा.

बाबा गेले. त्यांचं रक्त अजून तुमच्याकडे आहे का?

असेल. संमतीपत्रावर साठवणुकीला होकार दिला असेल तर नक्कीच. नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही वेगळ्या कपाटात, कुलपात. नको असेल तर फोन करा, कारण विचारणार नाही. नमुना नष्ट करून तसं लेखी देते. आजवर एकाच कुटुंबाने तसं सांगितलं. बाकीचे फक्त विचारतात, कुठे ठेवलंय. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये, बहुतेक खालून तिसऱ्या कप्प्यात. मे महिन्यात वीज गेली आणि जनरेटर लगेच लागला नाही, तर चौकीदार मला फोन करतात, आणि मी स्कूटर काढते.